हडळीचे पाय उलटे कसे करायचे

(रात्र. गढीचा बुरूज. धुरातून येणारा उजेड.)

गावातल्या पोरांनी मोबाइलवर केलेल्या भुताच्या सिनेमातलं हे दृश्य. धारूरच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरातली ही गढी. निम्मी पांढरी माती पावसानं नेली, उरलेली गावानं. हा धूर ओल्या कडब्याचा. मागचा उजेड ट्रॅक्टरचा. आणि समोरून येतेय ती हडळ. तिचं गावात शिवणकामाचं दुकान आहे.

आता पाय बघा. उलटे.

(दिवसा, दुकानासमोर. मुखवटा बांधतानाचं दृश्य.)

हे असं केलं. वर्तमानपत्राच्या लगद्याचा मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधला. झंपर उलटं घातलं, साडीच्या निऱ्या पाठीमागं खोवल्या, आणि गडी मागं मागं चालत आला. मागचं दिसत नाही, म्हणून कमरेला दोरी. ती ओढायला कॅमेऱ्याशेजारी वर्गमित्र. पहिल्या दहा वेळा हडळ पडली. अकराव्या वेळी आली, आणि तिची कोपरंसुद्धा उलटी दुमडायला लागली. हे कुणी ठरवलंच नव्हतं! लाखोंचं, संगणकावरचं व्हीएफएक्स असतं, तर ती कोपरं सरळच राहिली असती.

(काकवीचं पातेलं, अगदी जवळून.)

रक्त म्हणजे गुऱ्हाळावरची काकवी आणि मिठाईवाल्याचा लाल रंग. ओघळतं झकास, फक्त मुंगळे लागतात. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मित्रमंडळींनी 1968 साली ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट केला, तेव्हा त्यांचं रक्त चॉकलेट सिरपचं होतं. चित्र काळंपांढरं, त्यामुळं खपून गेलं. 1979 च्या हिवाळ्यात मिशिगनची दोस्तमंडळी टेनेसीच्या जंगलातल्या एका पडक्या घरात ‘द इव्हिल डेड’ करत होती. त्यांनी कॅमेरा लाकडी फळीवर बसवला, दोघांनी दोन टोकं धरली आणि पळत सुटले. भूत अंगावर धावून येतं, ते असं.

(बाजेच्या दांडीला बांधलेला मोबाइल. दोघं ज्वारीतून पळतायत.)

ही बालाघाटातली फळी.

आवाज बोलेरोच्या काचा लावून, आत वाकळा पांघरून भरला. ते चित्रित झालेलं नाही, आत जागाच नव्हती.

(कुलूपबंद घरांची ओळ. टॉर्चचा उजेड दारांवरून सरकतो.)

हा सेट नाही. दसऱ्यानंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, दारांना कुलपं. हडळीचे आईवडीलही तिकडंच असतात. पोरांना ओसाड गाव फुकटात मिळालं.

शूटिंग तीन दिवाळ्या चाललं, कारण दोघं पुण्याला कामाला. सिनेमा कुठल्या महोत्सवात गेला नाही, पैसेही सुटले नाहीत. असो.

(देवळाची भिंत, त्यावर चादर. पुढं गाव बसलेलं.)

पट्टा पडला, माणसं परतली, तेव्हा हा खेळ झाला. हडळ आली तशी पोरं किंचाळली. मागून एक आजी ओरडल्या, “आगं बया, मपल्या साडीत नाचायलंय की हे!” सगळे हसले. मग पडद्यावर ती दारं आली. अंधारात आपलं बंद घर कसं दिसतं, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“आरं, हे मपलं दार.”

(चेहरे. आवाज फक्त प्रोजेक्टरचा.)

ही शेवटची क्लिप चुकून राहिली. शूटिंग संपलं, मोबाइल चालूच. तिघं एका मोटारसायकलवर, सगळ्यात मागं हडळ. मुखवटा अजून सोडलेला नाही, त्यामुळं घरी जाताना ती आपल्याकडंच बघत लांब जाते.