दसऱ्याला सुरू, होळीला बंद : कुंडीतल्या सक्युलंटचं खत

श्रोतेहो, नमस्कार.

सक्युलंट म्हणजे जाड पानांत नाहीतर खोडात पाणी साठवून ठेवणारी झाडं. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहून "घरातल्या सक्युलंटला काय घालू?" असं विचारलं, की बहुतेक वेळा १९:१९:१९ ची, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेल्या विद्राव्य खताची, पिशवी पुढे येते. खत चुकीचं नाही. पण सोबत जे प्रमाण सांगितलं जातं ते शेतातलं असतं. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. सोयाबीनवर फवारायला ते ठीक. जेड, हावर्थिया, एचेवेरिया, स्नेक प्लांट किंवा साधी कोरफड यांच्या कुंडीत तेच ओतलं, तर मुळं करपायला वेळ लागत नाही. आपण मराठवाड्याची माणसं कापसाला नि उसाला खत घालत वाढलो, आपला हात सढळ आहे. या झाडांपुढे तो आखडता घ्यावा लागतो.

का, ते पानफुटीवरून सांगतो. तीही सक्युलंटच, आपल्याकडे परसात, आडाच्या कडेला कुठे ना कुठे असतेच. तिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा निघून जातो, ही गोष्ट बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात राहून टिपली. १८१५ साली ती लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. कारण बरंच नंतर उलगडलं. ही झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतात, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवून ठेवतात. सकाळचा आंबटपणा तो हाच. दिवस उजाडला की त्यातूनच साखर तयार होते. पाणी वाचतं, पण रात्रीत साठेल तेवढंच भांडवल, म्हणून वाढ संथ. आणि जे संथ वाढतं त्याला नत्र, स्फुरद, पालाश लागून लागणार किती? पान चावून खात्री करायच्या फंदात मात्र पडू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

आता प्रमाण. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे पंपाच्या प्रमाणाचा दहावा हिस्सा. घरी अर्धा ग्रॅम मोजायला कुणाकडे काटा नसतो, आणि 'चिमूटभर' हे माप प्रत्येकाच्या बोटांप्रमाणे बदलतं. म्हणून दहा लिटरची बादली भरा आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, विरघळवा. सक्युलंटना लागेल तेवढं द्या, उरलेलं जास्वंदाला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला घाला. एक किलोच्या पिशवीत अशा दोनशे बादल्या होतात, तेव्हा शेजारपाजारच्या दोन-चार घरांनी मिळून एक पिशवी आणली तरी पुष्कळ झालं.

युरिया मात्र नको. त्यात ४६ टक्के नत्र असतं. हिशेब करून बघा. चार इंची कुंडीला आपण एका वेळी दीडशे मिलिलिटर द्रावण देतो, त्यातून नत्र जातं जेमतेम १४ मिलिग्रॅम. युरियाचा एक ग्रॅम, म्हणजे दोन बोटांत मावणारे दाणे, यात ४६० मिलिग्रॅम. वर्षाला पाच वेळा खत देणाऱ्यानं सहा वर्षं पुरवायचं नत्र ते झाड एका दुपारी पाहतं. त्यातून वाचलंच, तर पानं फुगीर आणि लुसलुशीत होतात, खोड लांबतं, आणि त्या कोवळ्या रसावर पिठ्या ढेकूण, ही रस शोषणारी पांढरी कीड, येऊन बसतो. कपाशीवर आणि सीताफळावर त्याचे प्रताप आपण पाहिलेत, हावर्थियाच्या पानांच्या बेचक्यात शिरला की काढता काढता नाकी नऊ येतात.

कुणी म्हणेल, "अहो, ड्रॅगन फ्रूट पण निवडुंगच ना? आमच्या गावात त्याला ट्रॉल्या भरभरून शेणखत टाकतात." खरं आहे. पण त्या माणसाला फळ तोडायचंय. त्याच्या झाडाला दिवसभराचं ऊन आहे, मुळांना मोकळं रान आहे. तुमची एचेवेरिया दिवाणखान्याच्या खिडकीत आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो महिन्यांचा. खताच्या डब्यावर लिहिलेलं असतं, वसंतात आणि उन्हाळ्यात द्या, हिवाळ्यात बंद ठेवा. हा सल्ला थंड मुलखातला. तिथे हिवाळ्यात दिवस लहान, आभाळ कोंदलेलं, झाडाला प्रकाशच नसतो. आपल्याकडे उलटं आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असतात. अशा वेळी यातली बरीचशी झाडं वाढ थांबवून नुसती तग धरतात. त्यांना तेव्हा खत घातलं की ते वापरलं जात नाही, कुंडीतच साचतं. पावसाळ्यात पानं पाण्यानं आधीच तट्ट असतात आणि आभाळ झाकलेलं, तेव्हाही नको. खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. स्वच्छ ऊन, अंगाला सोसवेल अशी दुपार, कोरडी हवा. डिसेंबरात एखादी रात्र १० अंशांच्या खाली गेली तर तेवढा आठवडा थांबा, बाकी महिन्यातून एकदा द्या. दसऱ्याला सुरू करायचं, होळी पेटली की बंद करायचं.

नर्सरीतून आणलेल्या कुंडीत कधी कधी मोहरीएवढ्या पिवळसर नाहीतर हिरव्या गोळ्या दिसतात. ती किडीची अंडी नव्हेत, तसं समजून फेकणारे मी पाहिलेत. ते सावकाश सुटणारं खत, वरून राळेचं पातळ आवरण असतं. पाकिटावर चार महिने, सहा महिने अशी मुदत लिहितात, पण ती साधारण २१ अंश तापमान धरून काढलेली असते. ऊन वाढलं की आवरणातून खत लवकर सुटतं, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांचा माल त्याआधीच संपतो आणि नेमका नको त्या दिवसांत झाडाच्या अंगावर येतो. त्या गोळ्या दिसत असतील तर वरून दुसरं काही घालू नका. मी स्वतः असं खत उन्हाळ्याच्या तोंडावर वापरत नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्याकडे खतापेक्षा जास्त क्षार बोअरच्या पाण्यातून येतात. नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच कुंडीच्या काठावर आणि मातीवर चढतो. त्यात खताचे क्षार मिसळले की मुळांभोवतीचं पाणी इतकं खारट होतं, की मुळं पाणी घ्यायच्या ऐवजी सोडायला लागतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर जसं पाणी सुटतं, तसंच. वरून माती ओली दिसते आणि पानं सुरकुतलेली. घरचे म्हणतात पाणी कमी पडलं, आणखी घाला.

यावर उपाय एकच, कुंडी धुऊन काढणं. कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या तिप्पट पाणी हळूहळू वरून सोडायचं आणि सगळं खालून निघून जाऊ द्यायचं. पाणी पावसाचं असेल तर उत्तम, पत्र्याखाली पिंप लावून धरून ठेवा. आता ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात बसून कुंड्या धुवा म्हणणं मलाही जड जातं. म्हणून तर खत हात राखून. निघालेलं पाणी अंगणातल्या कडुलिंबाला घाला, त्याचं काही बिघडत नाही.

धुण्याची ही सोय काळ्या मातीत होत नाही. रानातली काळी चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की दगड होते, खालून पाणी जायला वाटच ठेवत नाही. चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू, थोडा विटांचा चुरा आणि पाचवा हिस्सा गांडूळखत, एवढं पुरतं. गांडूळखत घालून ताजी कुंडी भरली असेल तर त्या हंगामात वरच्या खताची घाई नको. सहा आठवडे तरी जाऊ द्या, दुखावलेल्या मुळांना आधी भरून येऊ द्या.

घरगुती उपायांबद्दल लोक फार विचारतात. अंड्याची टरफलं म्हणजे चुना. आपल्या पाण्यात चुना आधीच भरपूर, त्यात आणखी कशाला? चुलीतली राखही तशीच, माती आणखी अल्कधर्मी करते. मग लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात. केळीची साल, तांदळाचं धुवण, ताक हे घरात ठेवलेल्या कुंडीत घातलं की चिलटं जमतात. शेण-गोमूत्राचं जीवामृत शेतात छान, दिवाणखान्यात वास सुटेल.

खत द्यायचं तेव्हा माती आदल्या दिवशी भिजवलेली असावी, कोरड्या ठणठणीत मुळांवर द्रावण ओतू नये. सकाळी द्यावं, मातीवर द्यावं. पानांच्या मधल्या खळग्यात साचू देऊ नये, एचेवेरियाच्या पानांवरची पांढरी पूडही हात लावून पुसू नये.

आणि एक. झाड उंच-लांब, विरळ पानांचं झालंय म्हणून खत मागणारे खूप भेटतात. ती भूक नव्हे, उजेड कमी पडतोय. खालची एक-दोन पानं वाळून गेली तर ते म्हातारपण. पानं पिवळी, पाणचट, बोट लावताच गळणारी, तर पाणी जास्त झालं. या तिन्हींपैकी एकालाही पिशवीतल्या पुडीचा उपयोग नाही.

अडेनियम या सगळ्याला अपवाद. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं झाड ते, आपला उन्हाळा त्याला मानवतो. त्याचं वेळापत्रक उलट धरा, गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. मुसळधार पावसात थांबा. थंडीत त्यानं पानं टाकली की पाणीसुद्धा बेतानं.

विद्राव्य खत दमट हवेत पाणी ओढून घेतं, तेव्हा पिशवी घट्ट बांधून कोरड्या डब्यात ठेवा आणि डब्यावर ठळक अक्षरांत नाव घाला. तयार द्रावण थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा, लेकरं सरबत समजून तोंडाला लावतात. बादलीतलं त्याच दिवशी संपवायचं.