शाळेचं पाण्याचं बिल: सवलत मागण्याआधी हिशोब मागा

नमस्कार मंडळी! अमेरिकेत घर शोधताना आपल्या मराठी घरांत पहिला प्रश्न असतो, स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं? मग त्याच डिस्ट्रिक्टसाठी आपण वर्षानुवर्षं प्रॉपर्टी टॅक्स भरतो. त्या पैशातला काही भाग शाळा शहराला पाणी आणि गटारासाठी देते. या बिलावर बोलणी करता येतात, आणि ती कशी करायची ते आज बघू.

बहुतेक ठिकाणी शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ही दोन वेगळी सरकारं असतात. बोर्ड वेगळं, बजेट वेगळं. पाण्याच्या बाबतीत शाळा म्हणजे शहराची गिऱ्हाईक, आणि तीही अशी, की जिला दुसरं दुकानच नाही. "आम्ही दुसरीकडून घेऊ" असं ती म्हणूच शकत नाही. त्यामुळे या टेबलावर एकच गोष्ट चालते: आमच्यामुळे तुम्हाला खर्च किती येतो, ते दाखवा.

आता बिल उघडू.

(पडद्यावर: बिलाचा नमुना, पहिली ओळ ठळक)

पहिली ओळ स्थिर आकाराची. पाणी वापरा, न वापरा, हा द्यावाच लागतो, आणि तो ठरतो मीटरच्या आकारावर. घरातल्या छोट्या मीटरची क्षमता एक धरली, तर 2 इंची मीटरची साधारण 8 आणि 4 इंचीची 25. बरीच शहरं याच प्रमाणात आकार लावतात. आणि शाळांची मीटरं बसवली कधी? इमारत बांधली तेव्हा. अमेरिकेत 1992 च्या ऊर्जा कायद्यानंतर नवं टॉयलेट एका फ्लशला 1.6 गॅलनवर आलं, त्याआधी 3.5 गॅलन किंवा त्याहून जास्त लागायचं. टॉयलेटं बदलली, पाणी कमी लागू लागलं, मीटर मात्र तेच मोठं राहिलं. मीटर लहान करून द्या, ही मागणी कुठलंही शहर सहज नाकारू शकत नाही. फक्त आग विझवण्याच्या लाइनचा विचार आधी इंजिनिअरकडून करून घ्या.

दुसरी ओळ सांडपाण्याची. हे पाणी सहसा कुणी मोजत नाही. जेवढं पाणी आत आलं, तेवढं गटारात गेलं असं धरून बिल होतं. मग फुटबॉलच्या मैदानावर शिंपडलेलं पाणी? ते जमिनीत मुरलं, तरी त्याचे गटाराचे पैसे लागतात! त्यासाठी मैदानाला वेगळा मीटर मागायचा. हा मीटर पुढेही उपयोगी पडणार आहे.

कारण आता येतो खरा मुद्दा. पाण्याचे दर ठरवण्याच्या एका रूढ पद्धतीत खर्चाचे दोन भाग करतात: रोजच्या सरासरी वापराचा खर्च आणि गर्दीच्या दिवसाचा खर्च. उपनगरांत गर्दी होते उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला, सगळे लॉनला पाणी घालतात तेव्हा. पंप, टाक्या, मोठे पाइप हे त्या दिवसांसाठी बांधलेले असतात. आणि त्या दिवसांत शाळा बहुतेक बंद असते! तरीही अनेक ठिकाणी शाळेला कमर्शियल गटात टाकतात आणि मॉल, कार-वॉश यांच्यासोबत गर्दीचा वाटा तिच्याही माथी मारतात. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. तीन वर्षांची महिनावार रीडिंग काढा, शहराच्या महिनावार पुरवठ्याशेजारी ठेवा, आणि शाळांसाठी वेगळा गट मागा. पण मैदानाचे स्प्रिंकलर जुलैत त्याच मीटरवर चालत असतील, तर हा युक्तिवाद तिथेच कोसळतो. म्हणून तो वेगळा मीटर आधी.

तिसरी ओळ पावसाच्या पाण्याची. ती सगळ्या शहरांत नसते, पण असेल तिथे शाळांना फार जड जाते. फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. तिथे पूर्वी हा आकारही मीटर बघून लावत. 2010 पासून निवासी नसलेल्या जागांसाठी तो जमिनीवर आला: 80 टक्के भार सिमेंट-डांबर-छपरासारख्या पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागावर, 20 टक्के एकूण क्षेत्रफळावर. जुन्या शाळांची अंगणं डांबरी, पार्किंग मोठं. पाणी थोडं वापरलं तरी हा आकडा हलत नाही.

मात्र तिथेच वाटही आहे. पावसाचं पाणी स्वतःच्या जागेत मुरवलंत, तर आकारात क्रेडिट, म्हणजे सूट, मिळतं. शहराचा जलविभाग आणि ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही ना-नफा संस्था यांनी मिळून तिथल्या अनेक शाळांची डांबरी अंगणं उखडून झाडं, पाणी मुरवणारे वाफे, खेळायची जागा केली आहे. शहरालाही ते हवंच आहे, कारण तिथल्या मोठ्या भागात पाऊस आणि मैला एकाच गटारातून वाहतात आणि जोराच्या पावसात ते नदीत उतू जातं. दोघांचा फायदा असलेली बोलणी अशी असतात.

सरळ सवलतही असते. फिलाडेल्फियात बारावीपर्यंतच्या शाळांना 25 टक्के मिळते. पण लक्षात घ्या, जलविभागाचा एकूण खर्च त्याने कमी होत नाही. शाळेने न भरलेले पैसे बाकीच्या गिऱ्हाइकांच्या बिलात जातात, आणि त्यात त्याच शाळेतल्या मुलांचे आईवडीलही आले. म्हणून मी सवलत शेवटी ठेवते, हिशोब आधी.

आणि वेळ! दर मंजूर झाल्यावर जाऊन उपयोग नाही. फिलाडेल्फियात दर ठरवणारं पाच जणांचं स्वतंत्र बोर्ड आहे, 2012 मध्ये मतदारांनी त्याला मंजुरी दिली. तिथे प्रस्ताव जाहीर होतो, कागदपत्रं उघड होतात, सुनावण्या होतात. इतर बऱ्याच गावांत हे काम सिटी कौन्सिल करतं. तुमच्या गावात दरवाढीचा प्रस्ताव कधी येतो ते शोधा, आणि त्याच्या काही महिने आधी स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये तीन मिनिटं मागून तीन कागद मागा: प्रत्येक शाळेच्या मीटरचा आकार, महिनावार रीडिंग, आणि शहराने धरलेलं डांबर-छपराचं क्षेत्रफळ. तिसऱ्या कागदावरचा आकडा उपग्रहाच्या नकाशाशी ताडून बघा. पाडलेली इमारत किंवा काढलेलं पार्किंग अजून त्यात धरलेलं असेल, तर दुरुस्तीचा अर्ज लगेच करा, त्यासाठी सुनावणीची वाट बघू नका.