तीन विजय : मर्चंट, हजारे, मांजरेकर

(पडद्यावर : ब्रेबॉर्न स्टेडियमची जुनी कृष्णधवल छायाचित्रं. प्रेक्षकांचा गलका.)

डिसेंबर 1943. महायुद्ध चालू आहे, कसोटी सामने बंद आहेत, आणि मुंबईत पंचरंगी सामन्यांना ब्रेबॉर्नवर गर्दी लोटली आहे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे या चौघांत न बसणारे बाकीचे सगळे. धर्म पाहून संघ पाडण्याची ही रीत गांधीजींना मान्य नव्हती. पुढे दोन-तीन वर्षांत ती बंद पडली, ते चांगलंच झालं. पण त्या महिन्यात जे क्रिकेट खेळलं गेलं, ते विसरण्यासारखं नाही.

स्पर्धेतल्या सर्वोच्च खेळीचा मान तेव्हा विजय मर्चंट यांच्याकडे होता, नाबाद 243. रेस्टकडून खेळणाऱ्या विजय हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 काढल्या आणि तो मोडला. अंतिम सामन्यात हिंदू विरुद्ध रेस्ट अशी गाठ पडली. मर्चंट उभे राहिले ते नाबाद 250 करूनच परतले. हिंदूंचा डाव 5 बाद 581 वर घोषित. रेस्ट 133 मध्ये गारद आणि फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी.

आता खरं तर सामन्यात काही उरलं नव्हतं. पण हजारे खेळत राहिले. समोर त्यांचा भाऊ विवेक. दोघांनी मिळून 300 धावांची भागीदारी केली. त्यात विवेकच्या धावा किती? 21. धाकटा-थोरला काय ते बाजूला ठेवा, एका भावाने नुसतं टोक धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने खेळायचं, असं तासन्‌तास चाललं. विवेकच्या त्या 21 धावांचं मोल फार मोठं आहे. रेस्टच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजारे यांच्या. सामना हिंदूंनी एक डाव आणि 61 धावांनी जिंकला, विक्रम मात्र पुन्हा हजाऱ्यांकडे गेला.

आणि मर्चंट? वर्ष संपता संपता याच मैदानावर रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद 359 काढल्या.

(पडद्यावर : मर्चंट यांचं छायाचित्र. पाठोपाठ गिरणगावातली जुनी दृश्यं.)

त्यांचं मूळ आडनाव मर्चंट नव्हतंच. ते ठाकरसी. मुंबईतल्या गिरणीमालकांचं घराणं. शाळेत नाव नोंदवताना वडिलांचा व्यवसाय विचारला गेला आणि उत्तर आडनावाच्या जागी लिहिलं गेलं. विजय माधवजी ठाकरसी कायमचे विजय मर्चंट झाले.

1932 साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा वीस-एकवीस वर्षांच्या मर्चंट यांनी जायला नकार दिला. गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात असताना खेळायला जायचं नाही, ही हिंदू जिमखान्याची भूमिका होती आणि ती त्यांनी पाळली. लॉर्ड्सवरचा पहिला कसोटी सामना त्यामुळे हुकला. या माणसाच्या वाट्याला अवघे 10 कसोटी सामने आले, 1933 ते 1951 या अठरा वर्षांत, आणि तेही सगळे इंग्लंडविरुद्ध. आधी महायुद्ध आडवं आलं, मग प्रकृती. तरी प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी 71.64. जगात त्यांच्या वर आहेत ते डॉन ब्रॅडमन. रणजी करंडकात तर 98.75. लेट कट ही त्यांची खासियत. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जातोय असं वाटेपर्यंत थांबायचं आणि मग बॅट हळूच खाली आणायची.

1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी मर्चंट यांचीच कर्णधार म्हणून निवड झाली होती. प्रकृतीमुळे जाता आलं नाही. त्या दौऱ्यावर दुसरा विजय गेला.

(पडद्यावर : सांगली. कृष्णेचा घाट. नंतर हजारे यांचं फलंदाजीच्या पवित्र्यातलं छायाचित्र. ते काही क्षण स्थिर ठेवा.)

या छायाचित्राकडे नीट पाहा. दोन्ही पायांत अंतर आहे आणि बॅट दोन पॅडच्या मधोमध धरलेली आहे. क्रिकेटच्या पुस्तकात असा पवित्रा सापडणार नाही. विजय सॅम्युअल हजारे, जन्म 1915, सांगली, शिक्षकाचा मुलगा. देवासच्या महाराजांमुळे त्यांना ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचं मार्गदर्शन मिळालं. इतक्या मोठ्या गुरूने पहिल्याच दिवशी पवित्रा बदलायला लावला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. ग्रिमेटने सांगितलं, आहे तसंच राहू दे. आपल्याकडे शिकवण्याच्या नावाखाली मुलांची किती उपजत कला मारली जाते, हे पाहिलं की ग्रिमेटचा तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

1939-40 च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद 316. रणजी करंडकातलं हे पहिलं त्रिशतक. पुढे हजारे बडोद्याचेच झाले. 1947 च्या मार्चमध्ये बडोद्यात रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासोबत 577 धावांची भागीदारी रचली. गुल महंमद 319, हजारे 288. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम 59 वर्षं टिकला. 2006 मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला.

पण हजारे कोण होते हे कळायला ॲडलेडच पाहायला हवं. जानेवारी 1948. ऑस्ट्रेलियाच्या 674 धावा. त्यात ब्रॅडमनच्या 201. त्यांचा त्रिफळा उडवला तो हजारे यांनीच, कारण ते उत्तम मध्यमगती गोलंदाजही होते. मग फलंदाजीला उतरून पहिल्या डावात 116. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात 145. समोर लिंडवॉल आणि मिलर. लिंडवॉलने त्या डावात 38 धावांत 7 गडी घेतले, म्हणजे एका टोकाला पडझड सुरू होती आणि दुसऱ्या टोकाला हजारे. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण डावाने हरलो.

(पडद्यावर : दिल्ली, फिरोजशाह कोटला. धावफलकाची चलचित्रं.)

नोव्हेंबर 1951. इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. कर्णधार हजारे. सलामीला चाळीस वर्षांचे मर्चंट, तब्बल पाच वर्षांनी कसोटीत. ब्रेबॉर्नवर एकमेकांचे विक्रम मोडणारे दोघे आता एकाच डावात, एकाच बाजूने. तिसऱ्या गड्यासाठी 211 धावांची भागीदारी झाली. मर्चंट 154 वर बाद झाले. तोवर भारतीयाची सर्वोच्च कसोटी खेळी होती ॲडलेडची, हजाऱ्यांची 145. ती मर्चंट यांनी मागे टाकली. आणि त्याच डावात हजारे नाबाद 164 पर्यंत गेले! आठ वर्षांपूर्वीची चढाओढ सुरूच होती म्हणा ना, फक्त धावा आता दोघांच्याही भारताच्या खात्यात पडत होत्या.

त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांचा खांदा दुखावला. ही त्यांची शेवटची कसोटी ठरली.

याच मालिकेत, फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला, हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, एक डाव आणि 8 धावांनी. विनू मांकड यांनी त्यात 12 बळी घेतले. त्याआधी, डिसेंबरच्या अखेरीस कलकत्त्याला मुंबईच्या एका वीस वर्षांच्या मुलाने कसोटी पदार्पण केलं होतं. त्याचंही नाव विजय.

काही आठवड्यांचाच फरक पडला. त्यामुळे तीन विजय एका कसोटीत कधीच खेळले नाहीत.

(पडद्यावर : लीड्स, हेडिंग्ले. ढगाळ आकाश.)

जून 1952. विजय मांजरेकर यांची इंग्लंडमधली पहिली कसोटी. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमनची तर पदार्पणाचीच. भारत 3 बाद 42. कर्णधार हजारे 37 वर्षांचे, मांजरेकर 20. दोघांच्या वयात जवळजवळ एका पिढीचं अंतर. दोघांनी मिळून 222 धावा केल्या. हजारे 89, मांजरेकर 133. परदेशातल्या ओल्या हवेत, बेडसर आणि लेकर समोर असताना, पहिलं कसोटी शतक. ही भागीदारी 264 वर फुटली आणि संघ 293 मध्ये आटोपला, यावरून बाकीच्यांनी काय केलं ते कळतंच.

दुसऱ्या डावाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. धावफलकावर 4 बाद शून्य. त्या चौघांत मांजरेकरही होते. पण त्या शून्याची गोष्ट सांगताना पुढचं सांगायचं राहतं. हजारे आले, 56 धावा करून गेले. दत्तू फडकर यांनी 64 केल्या. संघ 165 पर्यंत पोहोचला. हजारे यांनी 14 कसोटींत नेतृत्व केलं आणि त्यातली एकच जिंकली, असं आकडे सांगतात. 3 बाद 42 आणि 4 बाद शून्य असताना मैदानात जायला कोण होतं, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

(पडद्यावर : विविधभारतीची खूण. जुना रेडिओ.)

मर्चंट निवृत्तीनंतरही क्रिकेटपासून दूर गेले नाहीत. रविवारी विविधभारतीवर त्यांचा कार्यक्रम लागायचा, आणि त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. अंध आणि अपंगांसाठी त्यांनी पुढची अनेक वर्षं काम केलं. 1971 मध्ये निवड समितीचे अध्यक्ष असताना कर्णधार पतौडी की वाडेकर, या प्रश्नावर समितीत मतं सारखी पडली. निर्णायक मत मर्चंट यांचं. ते वाडेकरांना मिळालं, आणि त्याच वर्षी आपण वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या.

हजारे यांना 1960 साली पद्मश्री मिळाली. जसू पटेल यांच्यासह हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू.

(पडद्यावर : आजच्या स्थानिक सामन्यांची दृश्यं. तरुण खेळाडू, करंडक.)

आज देशातली एकदिवसीय स्पर्धा विजय हजारे करंडक म्हणून ओळखली जाते. सोळा वर्षांखालील मुलं विजय मर्चंट करंडकासाठी खेळतात. बातमीत ‘विजय’ ऐकलं की हे दोघे आठवतात, आणि ते योग्यच आहे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या स्पर्धांत मांजरेकरांच्या नावाची स्पर्धा मात्र नाही.

तिघांत सर्वाधिक कसोटी मांजरेकर खेळले, 55. धावाही त्यांच्याच जास्त, 3208, सात शतकांसह. शरीर ठेंगणं, पुढे वजनही वाढलं, पण हूक आणि कट खेळताना पाय नेमके जागच्या जागी जायचे. 1961-62 मध्ये इंग्लंडविरुद्धची मालिका आपण पहिल्यांदा जिंकली, तेव्हा त्यांच्या 586 धावा होत्या, दिल्लीतल्या नाबाद 189 धरून. रणजी ते मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून खेळले. 1965 साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध दुसऱ्या डावात नाबाद 102 करून ते तंबूत परतले. त्यानंतर त्यांना पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही.

सहा राज्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये वावरलेल्या या माणसाच्या नावाने देशभरातल्या मुलांची एखादी स्पर्धा मंडळाने सुरू करावी. तिसऱ्या विजयचा तेवढा हक्क आहे.