वीरगळाचा पंचनामा

(दृश्य: वाई तालुक्यातलं किकली. सकाळचं तिरपं ऊन. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात उभे वीरगळ.)

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणासाठी उभा केलेला कोरीव दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते, किंवा पळवलेली गुरं सोडवताना पडलेला माणूस. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाला नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. बहुतेक दगडांवर त्याचं नाव नसतं.

सातारा-सांगलीकडे असे दगड पारावर, विहिरीच्या काठाला, शाळेच्या कुंपणात, कधी धुण्याच्या जागीही दिसतात. आपण रोज त्यांच्यावरून नजर फिरवतो. पण यातला एक उद्या नाहीसा झाला, तर फिर्यादीत काय लिहून येईल? ‘जुना काळा दगड, उंची अंदाजे तीन फूट.’ पुढे तसा दगड एखाद्या गोदामात सापडला आणि तिथल्या माणसानं सांगितलं, हा आमच्या आजोबांच्या वाड्यातला, तर त्याला खोडून काढणारं गावाकडे काय आहे?

हा माहितीपट त्या एका कागदाविषयी आहे. चोरी होण्याआधी केलेल्या पंचनाम्याविषयी.

(दृश्य: गधेगाळीचं रेखाचित्र.)

जुन्या काळीही दगडाला कायद्याचा आधार लागायचा. शिलाहार आणि यादव काळातल्या दानलेखांखाली गाढव आणि स्त्री कोरलेली असते. त्या दगडाला गधेगाळ म्हणतात. दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याला ती अत्यंत घाणेरडी शिवी, दगडात कायमची कोरलेली. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान टिकावं. त्या व्यवस्थेत भीती पुरेशी होती. आजचं न्यायालय पुरावा मागतं.

आणि पुरावा काय करू शकतो, ते तमिळनाडूतल्या श्रीपुरंतान गावानं दाखवलं. तिथल्या देवळातली कांस्य नटराजमूर्ती चोरीला गेली आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं ती सुमारे 50 लाख डॉलरना विकत घेतली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्याच मूर्तीचा 1994 साली देवळातच काढलेला फोटो होता. अभ्यासासाठी काढलेला साधा, काळा-पांढरा. 2014 मध्ये मूर्ती भारतात परत आली. तो फोटो काढणाऱ्यानं चोर पकडायचा विचारही केला नसेल.

(दृश्य: टेप, मोजपट्टी, वहीत नोंद.)

मग दगडापुढे बसून नेमकं काय करायचं?

आधी मापं. उंची लिहिताना ‘जमिनीवरची उंची’ असंच लिहावं, कारण बुंधा पुरलेला असतो. तो किती खोल आहे हे पाहायला उकरू नये. उकरलं की दगड कलतो, आणि त्याच्या भोवतीच्या मातीतली खूणही जाते. रुंदी पायथ्याशी आणि माथ्याशी वेगळी घ्यावी, जाडी दोन ठिकाणी. तोंड कोणत्या दिशेला, देवळाच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती अंतरावर, हेही लिहावं. फोनवरून अक्षांश-रेखांश मिळतात, पण त्यांच्यात काही मीटरचा फरक पडतो. दोन वीरगळ शेजारी उभे असतील तर त्यांतला हा कोणता, ते टेपच सांगते.

त्यानंतर दोष. इथे बहुतेक नोंदी फसतात. लिहिणारा लढाईचं वर्णन भरभरून करतो आणि उजव्या कोपऱ्याचा उडालेला टवका सोडून देतो. लढाईची चौकट शंभर वीरगळांवर सारखी मिळेल, तोच टवका दुसऱ्या दगडावर मिळणार नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून झालेली छिद्रं असतात. त्या छिद्रांची मांडणी म्हणजे दगडाच्या अंगठ्याचा ठसा. ती जवळून टिपून ठेवावी. वस्तूची ओळख पटवण्यासाठी संग्रहालयं आणि पोलीस 1997 पासून जो आंतरराष्ट्रीय नमुना वापरतात, त्यातही विशेष खुणा आणि मोडतोड यांचा रकाना आहे.

फोटो दोन प्रकारचे लागतात. वाचण्यासाठीचा फोटो तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी, नाहीतर रात्री बाजूनं बॅटरी धरून. दुपारी झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. मोजण्यासाठीचे, म्हणजे त्रिमितीय प्रतिमा बांधण्यासाठीचे फोटो मात्र ढगाळ दिवशी काढावेत, कारण सावल्या सरकल्या की जुळणी बिघडते. शेजारच्या दोन फोटोंत 60 ते 80 टक्के भाग सारखा हवा, झूम बदलायचा नाही, आणि चौकटीत मोजपट्टी हवीच. मोजपट्टी नसलेल्या फोटोवरून दगड एक फुटाचा की पाच फुटांचा, हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नये. खडू छिद्रांत बसतो, तेलावर धूळ चिकटते. शेंदराचं पुट असेल तर ते खरवडू नये. ‘शेंदूर आहे, जाड थर’ एवढं लिहावं. शिलालेखाचा कागदी ठसा अनुभवी माणसानंच घ्यावा. ओला कागद दगडावर बसवून ब्रशनं ठोकतात आणि तो अर्धवट सुकला की शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवतात. घाई झाली आणि कागद ओला राहिला, तर शाई पाझरून दगडावर उतरते. दगडाची पापुद्र्यांनी झीज होत असेल तर ठसा नकोच, फोटोच घ्यावेत.

ते फोटो व्हॉट्सॲपवर फिरवले की आकार घटतो आणि फाईलमधली तारीख, जागेची माहिती गळून पडते. मूळ फाईल जशीच्या तशी जपावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं. ते मूल्य म्हणजे फाईलची ओळखसंख्या. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती बदलते. फोटो काढले त्याच दिवशी ती काढून वहीत लिहिली, तर पुढे शंकेला जागा उरत नाही.

(दृश्य: देवळाचा गाभारा, मग पोलीस ठाण्याची मुद्देमाल खोली.)

कायदा कोणता लागेल, ते वस्तू कुठे होती यावर ठरतं. प्रार्थनास्थळातून मूर्ती चोरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवली, तर पुरावस्तूंविषयीचा 1972 चा कायदा लागतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. पण या कायद्याखाली खटला भरायला नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती घेतली नसेल, तर पुरावा कितीही भक्कम असला तरी खटला तिथेच अडतो. वस्तू पुरावस्तू आहे की नाही, हा वादही पोलिसांनी सोडवायचा नसतो. तो निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा.

फौजदारी खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक तरतूद मला फार मोलाची वाटते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. शिवाय जप्त वस्तू न्यायालयापुढे आल्यावर 14 दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो घ्यायचे, आणि त्यानंतर 30 दिवसांत ती कुठे द्यायची याचा आदेश करायचा. खटल्यात ते फोटो पुरावा म्हणून चालतात. मूर्तीला मुद्देमाल खोलीत वर्षानुवर्षं गोणपाटाखाली पडून राहायची गरज उरलेली नाही.

(दृश्य: नांगरट चालू असलेलं शेत.)

जमिनीतून निघालेल्या वस्तूचं गणित वेगळं. मिरजेचे ताम्रपट इतिहासाला ठाऊक आहेत ते वाचले गेले म्हणून. न वाचता वितळलेले किती, याची मोजदाद कुठेच नाही. 1878 चा निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याविषयीचा, कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि वाटाही गेला. मालक कोणी निघाला नाही आणि आपसांत वेगळं ठरलेलं नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला उरलेला भाग. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश.

या शेवटच्या हिशेबात खोट आहे. ताम्रपटाला तांब्याच्या भावानं मोजलं, तर तो कळवण्यात शेतकऱ्याला काय मिळणार? बक्षिसाची रक्कम वस्तूच्या महत्त्वावर ठरायला हवी.

सापडलेली वस्तू चिंच किंवा पितांबरीनं घासू नये. तमिळनाडूतल्याच पत्तूरचा नटराज 1976 मध्ये जमिनीतून निघाला आणि लंडनला पोहोचला. 1988 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं निकाल भारताच्या बाजूनं दिला, त्यात मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणा यांचाही पुरावा होता. धुतलेली मूर्ती ही साक्ष देऊ शकली नसती.

(दृश्य: साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, मग औंधची टेकडी.)

जुलै 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. अशी उसनी वस्तू निघताना आणि पोहोचल्यावर तिच्या स्थितीचा अहवाल लिहितात: कुठे गंज, कुठे ओरखडा. औंधला 1938 मध्ये तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या संग्रहालयात काय किंवा इथे काय, वस्तू सुरक्षित राहते ती नोंदवहीतल्या क्रमांकामुळे. दगडावर तो क्रमांक थेट रंगानं घालत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-72 या रेझिनचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा तोच थर. मागाहून ॲसिटोननं पुसता येतो, दगडाला डाग राहत नाही.

(दृश्य: पुन्हा किकली. संध्याकाळ.)

गावाच्या वीरगळांची वही तीन प्रतींत असावी: ग्रामपंचायतीत, जिल्ह्याच्या संग्रहालयात आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व किंवा इतिहास विभागात. जीर्णोद्धाराची निविदा निघण्याआधी ती पुन्हा ताडून पाहावी, कारण दगड सगळ्यात जास्त हलतात ते तेव्हाच. फरशी बसते, कुंपण सरकतं, वीरगळ सिमेंटमध्ये रोवला जातो आणि खालची चौकट, ती लढाईची, कायमची गाडली जाते. वहीत लिहिलेली जमिनीवरची उंची पुढच्या मोजणीत कमी भरली, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि सोबत जुना फोटो जोडायचा.