कुकरचे झाकण : घरच्या घरी करावयाची देखभाल

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे बहुतेक घरांत सकाळचा स्वयंपाक वरण-भाताचा कुकर लावण्यापासून सुरू होतो. कुकरला तार नसते, बटण नसते, मोटार नसते. त्यामुळे त्याला आपण यंत्र मानत नाही आणि पातेली-कढयांबरोबर मांडणीवर ठेवून त्यांच्यासारखेच वागवतो. मिक्सरमधून जळका वास आला तर तो त्याच दिवशी दुकानात जातो. पण कुकरच्या झाकणाच्या कडेने वाफ जाऊ लागली, शेगडीवर पाण्याचे ओघळ येऊ लागले, तरी "जरा जास्त शिट्ट्या होऊ द्या" असे म्हणत तोच कुकर आपण महिनोन्महिने वापरत राहतो. कुकरची सुरक्षितता आणि गॅसची बचत या दोन्ही गोष्टी त्याच्या झाकणावरील दोन-तीन लहान भागांवर अवलंबून असतात, आणि त्यांची काळजी घेण्यासाठी कारागिराची वाट पाहावी लागत नाही, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

उघड्या पातेल्यात पाणी कितीही मोठ्या आचेवर ठेवले तरी ते उकळू लागल्यावर त्याचे तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला हे तापमान १०० अंश सेल्सिअस असते, पुण्यात ते सुमारे ९८ अंशांवर येते, आणि महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटरांहून उंच ठिकाणी साडेपंचाण्णवच्या आसपास उतरते. थंड हवेच्या ठिकाणी उघड्यावर डाळ शिजायला उशीर लागतो तो यामुळेच. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, बाहेरच्या हवेपेक्षा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो अधिक दाब तयार होतो, आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळते. पुणे-मुंबईत काय किंवा महाबळेश्वरात काय, कुकरच्या आतील तापमानात फरक पडतो तो जेमतेम दोन-अडीच अंशांचा. हे वीस अंश वाढवून मिळाले म्हणूनच हरभरे, वाटाणे आणि तूरडाळ शिजवण्याचे तासांचे काम मिनिटांवर आले.

ही कल्पना फार जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये हाडे मऊ करणारे बंद झाकणाचे पात्र बनवले. कोंडलेली वाफ पात्र फोडू शकते हे त्याने ओळखले होते, आणि दाब वाढल्यावर आपोआप उघडणारी झडप त्यासाठीच त्याने जोडली. आपल्या कुकरवरची शिट्टी त्याच विचाराची वारसदार आहे. भारतात मात्र कुकर घरोघरी पोहोचण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

या दाबाचा आकडा ऐकताना लहान वाटतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा करून पाहावा. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो, म्हणजे पूर्ण दाब असताना त्या झाकणाला आतून तीनशे किलोंहून अधिक जोर लागत असतो. काही कुकरांचे झाकण लंबगोल असून ते आत घालून वर ओढून बसवले जाते. वाफेचा जोर त्याला तोंडाशी आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे दाब असेपर्यंत ते निघतच नाही. बाहेरून फिरवून बसवायच्या झाकणात हा सगळा भार कडेच्या खाचांवर येतो. अशा झाकणाचा दांडा सहज फिरत नसेल, तर आत अजून वाफ आहे असे समजून हात मागे घ्यावा. त्याला लाटण्याने ठोकण्याची किंवा दोघांनी मिळून ओढण्याची सवय अत्यंत घातक आहे.

आता झाकण हातात घेऊ. मधोमध जी उभी नळी असते, तिच्या टोकावर शिट्टी बसते. नळीचे छिद्र अगदी लहान असते. त्याचा व्यास साडेतीन मिलिमीटर धरला तर एक किलोचा दाब रोखून धरायला शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचे वजन पुरते, आणि शिट्टीचे वजन याच हिशेबाने ठरवलेले असते. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की शिट्टी उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. एका कुकरची शिट्टी दुसऱ्या कंपनीच्या कुकरला लावू नये, ती यासाठी. ती वरवर बरोबर बसलेली दिसली तरी तिचे वजन आणि छिद्राचे माप यांचा मेळ असेलच असे नाही.

ही नळी तुंबणे हा कुकरचा सर्वांत मोठा शत्रू आहे. डाळीची साले, टोमॅटोची साल, कोथिंबिरीचे पान, उतू आलेल्या भाताची पेज नळीत जाऊन वाळते, आणि रोज थोडे थोडे साचत राहते. कुकर लावण्यापूर्वी झाकण उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरावे आणि खालच्या बाजूने नळीतून पाहावे. पलीकडे उजेडाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका धूसर दिसला किंवा त्याची एक कड खाल्लेली वाटली, तर बारीक तार किंवा जाड सुई घालून नळी मोकळी करावी आणि नळाच्या धारेखाली धरून पाणी सरळ पार होते का ते पाहावे. याला अर्धे मिनिटही लागत नाही. घरातल्या शाळकरी मुलांनाही हे शिकवावे, कारण पुढे वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहण्याची वेळ आली की कुकर त्यांनाच लावायचा असतो. ज्या कुकरची शिट्टी वरून काढता-घालता येते, त्यात आधी झाकण लावून नळीतून वाफेची सलग धार येऊ द्यावी आणि मग शिट्टी ठेवावी. नळी मोकळी असल्याची त्याने खात्री पटते; शिवाय आत अडकलेली हवा निघून गेल्याने कुकरमध्ये निव्वळ वाफ राहते आणि तापमान पुरेसे चढते.

झाकणावरच बाजूला एक छोटा धातूचा भाग असतो, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याच्या मध्यभागी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकरमधले पाणी संपले किंवा नळी पूर्ण बंद झाली आणि तापमान मर्यादेबाहेर गेले, की तो मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे कुकर बिघडला असे समजून काही जण त्या छिद्रात डाग देऊन घेतात किंवा एखादा स्क्रू घट्ट बसवतात. श्रोतेहो, असे कृपा करून कधीही करू नका. शेवटचे दार त्याने कायमचे बंद होते. व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा नवा व्हॉल्व्ह पान्याने बसवावा, आणि मूळ कारण शोधावे : तळाशी पाणी कमी पडले होते का, कुकर शेगडीवर विसरला होता का, नळी तुंबली होती का. कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून, पाण्याशिवाय केक भाजण्याची पद्धत अलीकडे बरीच पसरली आहे. कोरड्या तापण्याने रबर कडक होते, व्हॉल्व्ह वितळू शकतो आणि ॲल्युमिनियमचे बूडही वाकते, म्हणून रोजच्या वरण-भाताच्या कुकरवर तो प्रयोग करू नये. इडली, ढोकळा आणि उकडीचे मोदक यांची गोष्ट वेगळी आहे. ते तळाशी पाणी घालून आणि शिट्टी काढून ठेवून खुशाल उकडावेत.

तिसरा भाग गास्केट, म्हणजे झाकणाच्या कडेचे रबर. उष्णता आणि तेलाचा ओशटपणा यांमुळे ते हळूहळू कडक होते. नवे रबर बोटांत दाबून सोडले की लगेच मूळ आकारात येते. जुने झालेले सुस्तावलेले असते, वाकवले की त्यावर बारीक भेगा दिसतात. रबर सैल पडले की ते बर्फाच्या पाण्यात बुडवणे, फ्रीझरमध्ये ठेवणे किंवा झाकणाभोवती कणकेची पट्टी लावणे असे उपाय केले जातात. एखाद्या वेळची नड त्याने भागेल, पण रबराचा गेलेला लवचिकपणा परत येत नाही, आणि कडेने वाफ निसटत असताना गॅस जळत राहतो. रोज वापरातल्या कुकरचे रबर साधारण वर्षाने बदलावे. ते टिकवायचे असेल तर जेवण आटोपल्यावर रबर झाकणातून काढून साबणाने धुवावे, कोरडे करावे, आणि कुकर ठेवताना झाकण घट्ट न लावता उलटे करून ठेवावे. रबराच्या खोबणीत साचलेली पेजेची पापडीही त्याच वेळी काढून टाकावी, कारण रबर नवे असूनही वाफ निसटते तेव्हा कित्येकदा कारण तेच असते.

आता शिट्ट्यांविषयी. "डाळीला तीन, हरभऱ्याला सात" असे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, पण शिट्ट्यांची संख्या हे शिजण्याचे माप नव्हे. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, मंद असेल तर दूरदूर होतात. तीन लिटरच्या आणि पाच लिटरच्या कुकरची चालही सारखी नसते. शिजणे अवलंबून असते ते तापमानावर आणि वेळेवर. पहिली शिट्टी झाली की आतले तापमान जितके चढायचे तितके चढलेले असते. त्यानंतर मोठ्या आचेवर जळणारा गॅस पाण्याची वाफ करून ती स्वयंपाकघरात सोडण्यापलीकडे काही करत नाही. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात नळाचे जवळजवळ पाऊण लिटर पाणी उकळीपर्यंत येते. शिट्ट्यांवाटे आपण किती इंधन उडवून देतो, हे यावरून लक्षात यावे. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करावी आणि घड्याळ पाहावे. भिजवलेल्या तूरडाळीला आठ-दहा मिनिटे सहसा पुरतात. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला पंधरा ते वीस मिनिटे द्यावीत. आपल्या घरची डाळ आणि आपल्या घरचे पाणी यांना नेमका किती वेळ लागतो हे चार-दोनदा पाहिले की कळते, आणि ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले तर घरातील कोणीही कुकर लावू शकतो.

डाळ शिजली नाही की दोष कुकरला दिला जातो, पण कारण बऱ्याचदा पाण्यात असते. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या सालीतील आणि गरातील पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून ठेवतात, त्यामुळे ती मऊ होत नाही. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातले तरी तेच होते. आंबट घालायचे ते डाळ शिजून घोटल्यावर, फोडणीच्या वेळी घालावे, हे आपल्या आज्या अनुभवाने जाणत होत्या. डाळीचा फेस नळीत चढू नये म्हणून डाळीत चमचाभर तेल घालावे, आणि डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये शिजवताना तो निम्म्याहून जास्त भरू नये. इतर पदार्थांसाठी दोन-तृतीयांश ही मर्यादा समजावी. कुकरच्या भांड्यांत वरण-भात लावताना खाली जाळी ठेवून तळाशी पुरेसे पाणी घालावे. त्या पाण्यात लिंबाची वापरलेली फोड किंवा चिंचेचा तुकडा टाकला तर ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. हे आंबट पाणी भांड्यांबाहेर असल्याने डाळीला त्याचा त्रास होत नाही.

गॅस बंद केल्यानंतरचा वेळही शिजण्याचाच असतो. कुकर पडेपर्यंत आतले अन्न शंभर अंशांच्या वरच असते आणि कोणतेही इंधन न जाळता मुरत राहते. घाईने शिट्टी उचलली तर दाब एकदम उतरतो, १२० अंशांचे ते पाणी क्षणात सर्वत्र खदखदून उसळते, आणि डाळीचा फवारा नळीतून थेट छतापर्यंत जातो. हात भाजण्याचा धोका असतोच, शिवाय त्या फवाऱ्यातले कण नळीतच अडकतात. ऑफिसची वेळ गाठायची असेल तर कुकर दहा मिनिटे आधी लावणे अधिक सोपे आहे.

दांड्याचे स्क्रू सैल झाले असतील तर घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने आवळावेत, मात्र अति आवळू नयेत, नाहीतर दांड्याच्या बेकेलाइटला, म्हणजे कडक प्लॅस्टिकला, तडा जातो. तडा गेलेला दांडा टेपने न गुंडाळता बदलावा, कारण भरलेला गरम कुकर त्याच दांड्याला धरून उचलायचा असतो. बूड बाहेर फुगले असेल, कडेची घडी वाकली असेल किंवा झाकण नव्या रबरानेही नीट बसत नसेल, तर तो कुकर मोडीत द्यावा. नवा घेताना आयएस २३४७ या मानकाचे आयएसआय चिन्ह अंगावर ठसवलेले आहे का, ते पाहूनच घ्यावा. घरगुती प्रेशर कुकरांना ते २०२१ पासून बंधनकारक झाले आहे. इंडक्शन शेगडी असेल तर फ्रीजवरचे चुंबक खिशात घालून दुकानात जावे आणि ते कुकरच्या बुडाला घट्ट चिकटते का हे तिथेच तपासावे, कारण निव्वळ ॲल्युमिनियमचा कुकर त्या शेगडीवर तापत नाही. आणि पैसे देण्याआधी त्याच नमुन्याचे एक जादा रबर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह मागून घ्यावा, म्हणजे ऐन सणाच्या दिवशी रबर फाटले तर दुकान उघडण्याची वाट पाहावी लागणार नाही.