फ्रीजरमध्ये खवट झालेलं रक्त

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या डब्यात तळाशी राहिलेली चकली खवट का लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेलाला हवा लागली, ऑक्सिजनने आपलं काम केलं. रक्तातल्या मेदाचंही असंच होतं. पण जिवंत माणसाच्या अंगात ते मोजायचं कसं? त्याचा एक किस्सा मला फार आवडतो.

अमेरिकेत नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. तिथे जेसन मॉरो आणि जॅक्सन रॉबर्ट्स रक्तातली प्रोस्टाग्लँडिनं मोजत होते. ही रसायनं शरीर एन्झाइमच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने बनवतं. ताज्या रक्ताचा आकडा ठीक यायचा. पण उणे २० अंशांवर काही महिने पडून असलेले नमुने तपासले, तर आकडा कैक पटींनी चढलेला! बंद नळीत, गोठलेल्या रक्तात हे बनवलं कुणी?

मोजणारं यंत्र होतं मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूंवर विद्युतभार चढवतं आणि वजनाप्रमाणे त्यांना वेगळं करतं. त्याआधी नमुना केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून जातो. कुणी लवकर बाहेर पडतो, कुणी रेंगाळतो. आलेखावर एका टोकाऐवजी टोकांची रांगच उमटली. वजन सगळ्यांचं तेच, ३५४. वजन तेच, घडण निराळी.

दुसऱ्या कुणी 'नमुना नासला' म्हणून बेसिनमध्ये ओतला असता. यांनी त्यात ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य घालून पाहिलं. आकडा चढेना! म्हणजे इथे एन्झाइमचा हात नव्हता. पुन्हा सांगतो, एन्झाइम नाही, रक्तातल्या मेदावर नुसता ऑक्सिजन. मग ताजं रक्त, ताजी लघवी तपासली. धडधाकट माणसातही ते रेणू थोडेथोडे सापडले. १९९० साली हे प्रसिद्ध झालं. आज त्यांना आयसोप्रोस्टेन म्हणतात.

आपल्याकडे फ्रीज म्हणजे अमरपट्टा अशी समजूत आहे. दाण्याचं कूट, तीळ, मागच्या मे महिन्यातलं खोबरं, सगळं आत कोंबायचं आणि दार ढकलून लावायचं. माझं मत विचाराल तर घरातला फ्रीज लहानच असावा. असो. प्रयोगशाळेत आता हे नमुने उणे ७० किंवा त्याहून थंड ठेवतात.

आजाराशी संबंध? १९९५ साली याच मंडळींनी सिगारेट ओढणाऱ्यांचं रक्त तपासलं. आयसोप्रोस्टेन इतरांपेक्षा जास्त निघाले. दोन आठवडे सिगारेट बंद ठेवली, तर उतरले. फक्त दोन आठवडे, बरं का. रक्तवाहिनीच्या भिंतीत खवटलेला मेद पांढऱ्या पेशी गिळत राहतात आणि तिथेच थर साचतो, हेही आपल्याला माहीत आहे.

मग ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का? हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांवर ती चाचणी झाली, निकाल २००० साली आला. गोळी घेणारे आणि न घेणारे, झटक्यांचं प्रमाण दोघांत सारखंच.

नमस्कार.