कुरटे बेट : मालवणच्या समुद्रातला कोल्हापूरचा इतिहास

पहाटे चारला रंकाळ्यावरनं गाडी काढली, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो, आणि मालवणच्या जेटीवर पहिल्याच होडीत बसलो. मुद्दाम मंगळवार धरला होता, कारण सुट्टीच्या दिवशी इथं नुसती जत्रा असते. होडीत आम्ही चौघंच. होडीवाले काका म्हणाले, "तासाभरात परत येवा."

हा समोर दिसतोय तो सिंधुदुर्ग. जवळ जाईस्तोवर दरवाजा काय दिसत नाही बघा, नुसता तट, कारण तो दोन बुरुजांच्या आड लपवलाय. मुरुडचा जंजिरा हातात येईना, सिद्दीचा त्रास थांबेना, म्हणून शिवाजी महाराजांनी हे कुरटे बेट हेरलं आणि 1664 च्या नोव्हेंबरात काम सुरू केलं. तीन वर्षांत 48 एकरांवर किल्ला उभा. आत माडांची सावली, चार-दोन घरं, कुठंतरी कोंबडा आरवतोय, आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि ह्यात गोडं, आम्ही पिऊनच बघितलं.

पुढं शिवराजेश्वराचं मंदिर. त्याच्यापुढचा सभामंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधलाय, आणि मला खरं तर इथंच थांबायचंय, कारण आपली पोरं स्कूबा करून, सुरमई हाणून परत येतात पण हा किल्ला करवीरच्या गादीचा होता हे निम्म्यांना माहीतच नसतं. इथल्या आरमाराला वैतागून इंग्रजांनी 1765 मध्ये तो घेतला, नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. पण ठेवावा तर खर्च परवडंना, पाडावा तर एवढा तट पाडायचा कसा! शेवटी पुढच्याच वर्षी तीन लाखांच्या वर रुपये घेऊन परत दिला. तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब बघत होत्या. म्हणजे हे बेट आपण एकदा पैसे मोजून सोडवून आणलंय भावा! 1812 च्या तहात मात्र मालवणसकट गेलं ते गेलंच.

तटावर बसलो होतो, खाली लाटा आपटत होत्या. तास कधीच उलटून गेलेला, आणि जेटीवरनं काका हात हलवत होते.